पीक पॉवरचं सोडा, दिवसभराचं बोला!

शनिशिंगणापूरच्या रस्त्याला बैलाच्या चरकाच्या रसवंत्या लागतात. तो बैल घेताना कोणी "पीक पॉवर किती?" असं विचारत नाही. दिवसभर किती ओढेल, एवढंच विचारतात.

आणि आपण? लाखभराची इलेक्ट्रिक स्कूटर घेताना जाहिरातीतला पीक पॉवरचा आकडा बघून खूश! अहो, तो थोड्या वेळाचा जोर असतो.

मोजायची सोय आपल्याकडे नाही असंही नाही. एआयएस-०४१ या मानकात मोटर सलग ३० मिनिटं जास्तीत जास्त किती पॉवर देऊ शकते ते मोजतात. पुण्यात एआरएआय आहे, आणि शिंगणापूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, नगरला (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई आहे. चाचणी होते हो, पण ती गिऱ्हाइकाला दिसते का?

खरी भानगड उष्णतेची. टॉर्क दुप्पट हवा तर करंट साधारण दुप्पट, आणि तांब्यातली उष्णता चौपट. तिच्याने वाइंडिंगचं इन्सुलेशन लवकर म्हातारं होतं, निओडिमियमचे मॅग्नेट दुबळे पडतात. ते टिकावेत म्हणून डिस्प्रोसियम, टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने नेमकी त्यांच्याच निर्यातीवर परवान्याची अट घातली. तेव्हापासून फेराइटच्या आणि बिनमॅग्नेटच्या मोटरींची चर्चा जोरात आहे. छान! पण नवी मोटर मे महिन्यात, डबलसीट, चढावर किती वेळ दम धरते हे कोण सांगणार?

"गिऱ्हाइकाला आलेख कळत नाहीत" म्हणे. मायलेज बरं कळतं! "ट्रेड सीक्रेट" म्हणाल, तर वाइंडिंगची रचना खुशाल लपवा. मोटर किती तापते, यात गुपित कसलं? आमच्या धंद्यात डेमो दोन मिनिटं चालला म्हणून कोणी सॉफ्टवेअर पास करत नाही, लोड टेस्ट मागतात.

हप्त्यावर गाडी घेतलेल्या डिलिव्हरीवाल्याची मोटर भर दुपारी तापली आणि कंट्रोलरने पॉवर कापली, की त्याची कमाईच कापली जाते. आणि अकाली जळालेली मोटर भंगारात गेली तर पर्यावरण कुठे वाचलं?

ज्या गावात घरांना दारं न लावायची परंपरा, जिथे २०११ साली युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, त्या गावाला जाणाऱ्या स्कूटरचा चाचणी-अहवाल मात्र कुलपात! मागणी साधी आहे. ३० मिनिटांची पॉवर पीक पॉवरइतक्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि ४५ अंशांच्या उन्हातला तापमानाचा आलेख वेबसाईटवर टाका.

मंडळी, शोरूममध्ये गेलात की एवढं विचाराच. सेल्समन गोंधळला तरी विचारा.