शेक घेताना उष्णतेचा हिशेब

थंडी पडू लागली की गुडघे आणि कंबर कुरकुर करू लागतात आणि गरम पाण्याची पिशवी कपाटातून बाहेर येते. शेकाने आराम पडतो, हे खरेच. परंतु या पिशवीने पाय भाजलेले ज्येष्ठ रुग्ण मला दर हिवाळ्यात पाहावे लागतात. त्यांतील बहुतेकांना मधुमेह असतो आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते : ‘चटका बसल्याचे कळलेच नाही.’

असे का होते, हे समजण्यासाठी उष्णतेचा मार्ग पाहू. पिशवीतून त्वचेत उष्णता शिरते ती स्पर्शाने, म्हणजे वहनाने. वहनाचा नियम फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. दोन बाजूंच्या तापमानांतील फरक जितका मोठा, तितका उष्णतेचा ओघ अधिक. मधला थर जितका जाड, तितका तो कमी. वाफेच्या नळांवर अभियंते जाड आवरण चढवतात ते याचसाठी, आणि आपण पिशवीभोवती टॉवेल गुंडाळतो तोही याचसाठी. टॉवेलमध्ये खरी अडवणूक करते ती धाग्यांत कोंडलेली हवा. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते; म्हणून ओल्या टॉवेलवर विसंबू नये.

त्वचेत शिरलेली उष्णता पुढे नेते ते रक्त. इंजिनाभोवती खेळणारे पाणी जे काम करते, तेच हे काम. उतारवयात त्वचा पातळ होते आणि तिचा रक्तपुरवठा मंदावतो. उष्णता जागीच साठते. त्यातच मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर पाय मागे घेण्याची सूचनाही मेंदूला मिळत नाही.

शिवाय भाजण्यासाठी उकळते पाणीच लागते असे नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिले, की त्वचा ६० अंश सेल्सिअसला सुमारे ५ सेकंदांत भाजते, तर केवळ ४४ अंशांवरही सुमारे ६ तासांत इजा होते. पिशवी पायाशी घेऊन रात्रभर झोपणे धोक्याचे आहे ते यामुळे.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. पिशवीत उकळते पाणी भरू नये. तिच्यावर कोरड्या टॉवेलचे निदान दोन पदर असावेत. ऊब सोसवते का, हे सेवा करणाऱ्याने आधी स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूवर पाहावे. रुग्णाच्या ‘चालेल’ या शब्दावर जाऊ नये. शेक पंधरा मिनिटांत आटोपावा आणि मधूनमधून त्वचा पाहावी. पिशवी अंगाखाली घेऊ नये. भाराने टॉवेल दबतो आणि रक्तप्रवाहही अडतो. बधिर पायांना शेक देऊच नये. त्यांना सैल लोकरी मोजे पुरेत.

भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. मधुमेही व्यक्तीला वेदना नसली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तेथे वेदना नसणे हे बरे असल्याचे लक्षण नव्हे.