बॅट तुझी, चेहरा तिचा!

2025च्या आयपीएलमधला तो सीन आठवतोय का? बॅट्समन मैदानात येतोय आणि अंपायर एक छोटंसं प्लॅस्टिकचं माप घेऊन त्याच्या बॅटवरून फिरवतायत. मुल्लनपूरच्या मॅचमध्ये तर सुनील नारायण आणि आन्रिख नॉर्किया, दोघांच्याही बॅटी त्या मापातून गेल्याच नाहीत. दोघांनाही दुसरी बॅट घ्यावी लागली. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये तेव्हा केवढा हशा पिकला होता!

मीही हसले. पण मला आमच्या सॉफ्टबॉलच्या बॅटी आठवल्या. क्रिकेटच्या बॅटची कड किती जाड आहे, हे बाहेरून मोजता येतं. सॉफ्टबॉलची बॅट आतून पोकळ असते. खरी गडबड करायची असेल तर ती आत होते आणि आत बघायला कुठलंच प्लॅस्टिकचं माप जात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बेसबॉलचा हा भाऊ. चेंडू मोठा, मैदान लहान, पिचर खालून हात फिरवून चेंडू टाकते. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांत तो खेळला जातो. मी पाच वर्षं थर्ड बेसला उभी राहिलेय. गुडघ्यांवरच्या खुणा पुरावा म्हणून दाखवू शकते.

दादाची ‘तयार’ बॅट

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. नोकरी सॉफ्टवेअरची, रविवार सॉफ्टबॉलचा. तिथे ऑफिसवाल्यांच्या, मोहल्ल्याच्या, चर्चच्या लीग असतात आणि बहुतेक ठिकाणी खेळतात ‘स्लो पिच’. म्हणजे पिचर चेंडू उंच कमानीत हळू टाकतो आणि बॅटर मनसोक्त झोडपतो. मागे व्हिडिओ कॉलवर दादाने मला नवी बॅट दाखवली. म्हणाला, ‘‘शेव्ह करून घेतलीय. आता बघ कुंपणाबाहेर कशी जाते ते!’’

शेव्ह? मला दाढीच आठवली. मग कळलं की प्रकार जवळपास तोच आहे. बॅटच्या टोकाचं झाकण काढायचं, आतून पोकळीची भिंत यंत्रावर घासून पातळ करायची आणि झाकण पुन्हा चिकटवून टाकायचं. बाहेरून बॅट जशीच्या तशी.

याने होतं काय? लाकडी बॅटवर चेंडू आदळला की बॅट फारशी दबत नाही, चेंडूच चेपतो आणि त्या चेपण्यात त्याची बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ बॅटची पातळ भिंत मात्र स्वतः आत दबते आणि स्प्रिंगसारखी परत येते. शास्त्रज्ञ याला ‘ट्रॅम्पोलिन इफेक्ट’ म्हणतात. भिंत जितकी पातळ, तितकी उसळी जास्त. अर्थात अशी बॅट लवकर फुटते, कंपनीची वॉरंटीही जाते. पण फुटेपर्यंत मजा असते.

दुसरी युक्ती ‘रोलिंग’. कंपोझिट बॅट कार्बनचे धागे आणि राळ यांची बनलेली असते. ती दोन रोलरच्या मध्ये दाबून फिरवली की आतली राळ बारीक बारीक तडकते आणि बॅट मोकळी होते. तिसरी युक्ती टोकाला वजन भरायची. आणि चौथी थेट फसवणुकीची, बंदी असलेल्या बॅटला परवानगी असलेल्या मॉडेलचा रंग फासायचा. ही कामं करून देणारे अमेरिकेत राजरोस जाहिरात करतात. खाली एक ओळ टाकलेली असते, ‘फक्त होमरन डर्बीसाठी.’ आपल्याकडे विडी-काडीच्या टपरीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी असते ना, तेवढीच ती ओळ खरी!

गंमत बघा. लाकडी बॅटमधली लबाडी बरीचशी अंधश्रद्धाच असते. 2003मध्ये बेसबॉलचा स्टार सॅमी सोसाची बॅट मॅचमध्ये मोडली आणि आतून बूच निघालं. त्याच्या आणखी 76 बॅटी तपासल्या, सगळ्या स्वच्छ निघाल्या. तरी सात मॅचची बंदी भोगावी लागली. पुढे भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की बूच भरून चेंडू काही जास्त वेगाने जात नाही! सॉफ्टबॉलच्या कंपोझिट बॅटचं तसं नाही. इथली युक्ती खरंच चालते. म्हणूनच ती जास्त गंभीर आहे.

नियम म्हणतो तरी काय?

आंतरराष्ट्रीय नियमात बॅटची लांबी 34 इंचांपर्यंत, वजन 38 औंसांपर्यंत आणि जाडी सव्वादोन इंचांपर्यंत चालते. बॅटच्या रचनेत फेरफार केला तर ती ‘आल्टर्ड’ ठरते. अशी बॅट घेऊन कोणी बॅटर्स बॉक्समध्ये आलं की ती आउट आणि मॅचमधून बाहेर. ग्रिप बदललेली चालते, पण शंकूच्या आकाराची ग्रिप चढवली तर चालत नाही. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरतो तसं धातूच्या बॅटवर कोरायचं असेल तर मुठीच्या टोकाशी कोरा, तेवढी मुभा आहे. मारायच्या भागावर कोरलंत की बॅट बाद!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे अति वाटलं होतं. नाव कोरल्याने असा काय फरक पडतो? पण पोकळ बॅटमध्ये सगळा खेळच भिंतीच्या जाडीचा आहे, हे कळल्यावर नियमाचा कडकपणाही कळला.

‘सगळेच करतात’

दादाला मी विचारलं, ‘‘अरे, ही चीटिंग नाही का?’’ त्याचं उत्तर तयार होतं. ‘‘अगं, सगळेच करतात. साधी बॅट घेऊन गेलो तर मी एकटाच येडा ठरतो. सगळ्यांच्याच बॅटी शेव्ह केलेल्या असतील तर अन्याय कुणावर झाला, सांग?’’

प्रश्न बरोबर वाटतो ना? मलाही दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग आठवली आमची पिचर.

एफवायला असतानाची गोष्ट. संध्याकाळची प्रॅक्टिस, उजेड कमी होत चाललेला. तिने चेंडू टाकला, समोरून सरळ फटका आला आणि ग्लोव्ह वर यायच्या आत चेंडू तिच्या गालाच्या हाडावर बसला. आवाज अजून माझ्या कानात आहे. नशीब की डोळा वाचला. महिन्याभराने ती परत आली, पण चेंडू सोडल्या सोडल्या तिची मान नकळत बाजूला वळायची. कितीतरी दिवस.

आणि लक्षात घ्या, ती बॅट नियमातली होती. साधी, कॉलेजच्या स्टोअरमधली, सगळ्या टीमने मिळून वापरलेली.

आता थोडं गणित. आपण खेळतो त्या फास्ट पिचमध्ये मुलींच्या सामन्यात पिचर होम प्लेटपासून 43 फुटांवर असते. अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलच्या मुख्य संघटनेने 2004पासून बॅटसाठी एक मर्यादा घातली. प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीत बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग ताशी 98 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 158 किलोमीटरपेक्षा जास्त नको. या वेगाचा चेंडू 43 फूट जायला लागतात साधारण 0.3 सेकंद. शिवाय चेंडू टाकताना पिचर पाऊल पुढे टाकते, म्हणजे ती आणखी जवळ आलेली असते. डोळ्याला दिसलं आणि हात हलायला लागला, एवढ्यातच माणसाचे 0.2 सेकंद जातात. उरतं काय? ग्लोव्ह तोंडापर्यंत नेण्याइतका वेळ, तोही कसाबसा.

ही 98ची मर्यादा म्हणजे या उरलेल्या वेळेचा हिशोब आहे. शेव्ह केलेली बॅट नेमका तोच वेळ खाते.

म्हणून दादाला माझं उत्तर असं, की तू बॅटरची बॅटरशी तुलना करतोयस. दोन्ही टीमच्या बॅटरकडे सारखी बॅट असली की तुझा हिशोब संपला. पण मैदानावर पिचरही आहे. थर्ड बेसला बंट अडवायला चार पावलं पुढे आलेली माझ्यासारखी कोणीतरी आहे. तुझी बॅट आतून पातळ केलीय हे त्यांना कोणी सांगितलंय? त्या ज्या अंतरावर उभ्या आहेत, ते नियमातल्या बॅटवर भरवसा ठेवून उभ्या आहेत. दोन्ही बाजूंनी तो भरवसा मोडला म्हणून मोडणं न्याय्य होत नाही. उलट दोन पिचर धोक्यात येतात.

खरी अडचण वेगळीच

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. कंपोझिट बॅट नुसती वापरूनही मोकळी होत जाते. शेकडो चेंडू मारले की तिची उसळी आपोआप वाढते. मग घाम गाळून बॅट ‘पिकवणारी’ प्रामाणिक आणि तेच काम दहा मिनिटांत रोलरवर करून घेणारी लबाड, हे कसं? पिचरच्या गालाला दोन्ही चेंडू सारखेच लागणार!

हा मुद्दा खरा आहे. 2009मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत 25 कंपोझिट बॅटी तपासल्या, तर 20 नापास झाल्या. काही वापरून मोकळ्या झालेल्या असतील, काहींशी छेडछाड झाली असेल. बाहेरून फरक कळत नाही. त्याच वर्षी तिथे अशा बॅटी थांबवल्या गेल्या. पुढे चाचणीच बदलली. आता प्रयोगशाळा स्वतः बॅट रोलरवर फिरवते, ती जास्तीत जास्त मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजते आणि मगच पास करते. म्हणजे चोराची युक्ती पोलिसांनी वापरली!

मला हा मार्ग पटतो. खेळाडूच्या मनात काय होतं, हे शोधत बसण्यापेक्षा बॅट आज काय करतेय ते मोजा. काही अमेरिकी स्पर्धांत मैदानावरच एक यंत्र असतं. त्यात बॅट दाबून बघतात. ठरलेल्यापेक्षा कमी जोर लावून ती दबली, तर बाजूला. मग ती वापरून मोकळी झाली की कारखान्यात, हा वादच संपला. मुद्दाम फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा वेगळी आणि कडक हवीच. पण धोकादायक बॅट मैदानात न येणं हे शिक्षेच्याही आधी यायला हवं.

आपण काय करायचं?

आपल्याकडे शेव्ह केलेल्या बॅटी फिरतायत असा आरोप मी करत नाहीये. पण चांगल्या कंपोझिट बॅटची किंमत हजारोंच्या घरात जाते. कोणी परदेशातून आणतं, कोणी सेकंड हँड घेतं. तिच्या पोटात आधीच्या मालकाने काय केलंय, हे घेणारीलाही ठाऊक नसतं. दुसरीकडे पदकावर बरंच काही अवलंबून असतं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. एका प्रमाणपत्राने घर उभं राहतं, हे मी माझ्या टीममध्ये पाहिलंय. मोह कुणालाही होऊ शकतो. तो होण्याआधीच सवयी लावून घेतलेल्या बऱ्या.

आणि त्यासाठी लॅब लागत नाही. मॅचआधी दोन्ही टीमच्या सगळ्या बॅटी एका टेबलावर ठेवा. सव्वादोन इंचांची कडी प्रत्येकीवरून फिरवा. टोकाचं झाकण उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसतंय का बघा. बॅट कानाशी हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका. पास झालेल्या बॅटवर स्टिकर लावा आणि बाकीच्या डगआउटमध्ये येऊच देऊ नका. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. एवढ्याने शेव्ह केलेली प्रत्येक बॅट पकडली जाणार नाही, मान्य. पण ‘इथे कोणी बघत नाही’ हा समज तरी जाईल. दाबून तपासायचं यंत्र जिल्ह्याजिल्ह्यात नाही परवडणार, पण राज्य स्पर्धेला एक आणायला काय हरकत आहे? 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. तेव्हा सगळ्यांना या खेळाचं भरतं येईल. तयारीची गोष्ट निघालीच आहे तर ही पण त्यात धरा.

आणि तुम्ही खेळत असाल तर तुमच्यासाठी एवढंच. टीममधली कोणी म्हणाली, ‘‘ही बॅट घे, जाम उडते,’’ तर मारायच्या आधी एकदा समोर बघा. 43 फुटांवर कोण उभी आहे ते.

हा लेख छापायला देण्याआधी मी दादाला पाठवला. शेवटी विचारलं, ‘‘या रविवारी कुठली बॅट नेणार आहेस?’’ अजून उत्तर आलेलं नाही. ब्लू टिक मात्र दिसतेय.