पथ्याचे ताट आणि हॉटेलची कढई

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. सोलापूरकडचा रस्ताही येथेच येऊन मिळतो. त्यामुळे जेवणासाठी थांबणाऱ्या वाटसरूंची या गावाला जुनी सवय आहे. इंदूरहून शिर्डीला निघालेली कुटुंबे, सुरतेहून परतणारे व्यापारी, लग्नाचे वऱ्हाड, साऱ्यांनाच शेवभाजीचा तिखट वास रस्त्यावरून आत ओढून आणतो. हात पुसत आलेला वाढपी पाणी ठेवतो आणि विचारतो, "कांदा-लसूण चालेल ना?"

हा प्रश्न विचारण्याची सक्ती कोणत्याही सरकारने केलेली नाही. खानदेशात ओसवाल, मारवाडी, गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जैन समाजाचे कंदमूळवर्ज्य आहाराचे नियम, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे न खाणारी आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वांगे तोंडात घालणारी घरे, एकादशीचे उपवास हे सारे हॉटेलवाल्याने पाहिले आणि ग्राहकाच्या व्रताचा मान राखायला तो आपणहून शिकला. वेगळे पातेले, वेगळा झारा, भाजीच्या नावापुढे 'जैन' हा शब्द. आपल्या समाजाने बाजाराला घालून दिलेली ही शिस्त आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे.

मात्र त्याच मेजावर एखादी आई म्हणाली, "मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही," की चित्र पालटते. "वहिनी, थोडासाच असतो, काही होत नाही," असे उत्तर मिळते. कधी शेजारच्या मेजावरून "आजकालच्या मुलांचे फारच नखरे!" असा अभिप्रायही ऐकू येतो. व्रताला जो मान मिळतो तो व्याधीला मिळत नाही. वास्तविक व्रत चुकून मोडले तर त्याला प्रायश्चित्त आहे. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलाच्या पोटात दाणा गेला तर काही मिनिटांत ओठ सुजू शकतात, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. त्या वेळी मांडीत तातडीने दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो. अॅलर्जीची साधी गोळी देऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. महामार्गावरच्या ढाब्यापासून रुग्णालय किती दूर, हा हिशेब त्या आईच्या मनात प्रत्येक घासाबरोबर चाललेला असतो.

खानदेशी स्वयंपाकात तर हा दाणा सर्वत्र लपलेला आहे. हिवाळ्यात ज्याच्या मेजवान्या झडतात आणि ज्याच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगावच्या भरितात तळलेले शेंगदाणे पडतात. रस्सा दाट व्हावा म्हणून भाजलेल्या खोबऱ्याबरोबर पुष्कळ ठिकाणी दाण्याचा कूट वाटला जातो. उपवासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आणि भगरीसोबत दाण्याची आमटी. म्हणजे आपण जे अन्न सर्वांत निर्मळ मानतो, तेच या मुलाला सर्वांत धोक्याचे. तेलाचे तर वेगळेच. कारखान्यातून अतिशुद्ध होऊन आलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही. पण घाण्यावरच्या तेलात तो राहतो, आणि अॅलर्जी या प्रथिनांचीच असते. भाजल्याने, तळल्याने ती नाहीशी होत नाहीत. 'सगळे कढईत जळून जाते' हा समज खोटा आहे.

याहून विचित्र गोष्ट 'जैन' रश्श्याची. कांदा काढला की रश्श्याचा दाटपणा जातो. तो परत आणण्यासाठी आचारी काजू, मगज किंवा स्वस्तात भागवायचे असेल तर शेंगदाणा वाटून घालतो. बिचारे कुटुंब 'जैन म्हणजे साधे, निर्धोक' असे समजून नेमकी तीच भाजी मागवते!

गव्हाच्या बाबतीत दैव खानदेशाच्या बाजूने आहे. सिलिअॅक या विकारात गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर खराब होते आणि रुग्णाला गहू आयुष्यभर वर्ज्य करावा लागतो. आता येथील कळण्याची भाकरी पाहा. ज्वारी किंवा बाजरी आणि उडीद, गव्हाचा त्यात संबंधच नाही. मोठ्या शहरांतील मंडळी ज्यासाठी भरमसाट पैसे मोजतात ते अन्न येथे चुलीवर आयते भाजले जाते. परंतु त्याच परातीत बट्टीची कणीक मळली, भाकरी थापताना चिमूटभर कणीक भुरभुरली, किंवा वरणाच्या फोडणीत बांधणीचा हिंग पडला, तर सारे व्यर्थ. बाजारातील बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे किती आचाऱ्यांना ठाऊक असेल? अर्थात कोणताही विकार नसताना केवळ फॅशन म्हणून 'ग्लुटेन नको' सांगणारी आणि नंतर जिलबीवर ताव मारणारी मंडळीही आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या रुग्णाच्या शब्दाची किंमत कमी होते.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी चरकसंहितेचे विमानस्थान उघडावे. आहार कसा घ्यावा याचा विचार करताना चरकाने आठ गोष्टी मोजल्या आहेत. पदार्थाची प्रकृती, त्यावरचे संस्कार, संयोग, मात्रा, देश, काल, जेवणाचे नियम आणि आठवा स्वतः जेवणारा, म्हणजे 'उपयोक्ता'. एकाला जे सात्म्य ते दुसऱ्याला असात्म्य असू शकते, हे आपल्या वैद्यांनी शास्त्र म्हणून मांडले होते. आपण त्यातला 'पथ्य' हा शब्द तेवढा ठेवला आणि आठवा जेवणारा विसरलो. 'आग्रह' नावाचा आपला पाहुणचारही येथे आडवा येतो. नको म्हणणाऱ्याला वाढणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण!

या बेफिकिरीची किंमत काय असते, हे इंग्लंडमधील एका खटल्याने दाखवून दिले. जानेवारी २०१४ मध्ये तेथील यॉर्कशायर परगण्यात भारतीय पद्धतीच्या एका उपाहारगृहातून एका ग्राहकाने रस्सा-भाजी घरी नेली. शेंगदाणे नकोत हे त्याने स्पष्ट सांगितले होते आणि तशी सूचना वेष्टनावर लिहिलेलीही होती. तरी तो ग्राहक दगावला. मालकाने पैसे वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त पूड वापरायला घेतली होती. काही आठवडे आधी दुसऱ्या एका ग्राहकाला त्रास होऊनही ती तशीच चालू राहिली. २०१६ मध्ये मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली. काजूऐवजी दाणा घालण्याची ती क्लृप्ती आपल्याकडच्या भटारखान्यांना अपरिचित नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नव्हे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांतील अॅलर्जीकारक घटक जाहीर करावे लागतात. ही तरतूद २०२२ पासून लागू झाली. ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन अशी ती यादी आहे. तिळाचे नाव मात्र तीत नाही. धुळ्या-जळगावचा एकट्या मालकाचा ढाबा या नियमात बसतच नाही, आणि बसवूनही काय साधेल? निरीक्षक येईल, पाटी लागेल, कढई तीच राहील.

येथे उपयोगी पडेल ती 'कांदा-लसूण' विचारणारी जुनी सवयच. त्या प्रश्नाला "आणखी काही पथ्य?" एवढीच पुस्ती जोडायची. रश्श्याच्या वाटणात काय काय आहे ते भटारखान्यातल्या फळ्यावर रोज लिहायचे, म्हणजे वाढप्याला अंदाजाने बोलावे लागणार नाही. आणि खात्री नसेल तेथे मालकाने "आमच्याकडे जमणार नाही, साधा भात-दही घ्या" असे सरळ सांगायचे. असे सांगण्याने गिऱ्हाईक तुटेल ही भीती निराधार आहे. ज्याने खरे सांगितले त्याच्याकडेच असे कुटुंब पुन्हा येते आणि दहा घरांना सांगते. ग्राहकानेही 'ग्लुटेन', 'नट्स' असले शब्द न वापरता गहू, मैदा, रवा, शेंगदाणा, काजू अशी नावे घ्यावीत. हमरस्त्यावरचे अनेक आचारी परप्रांतातून आलेले असतात. त्यांना 'मूँगफली' म्हटलेले चटकन कळते. गर्दीच्या वेळेआधी पोहोचावे, वाढप्याला नव्हे तर थेट आचाऱ्याला विचारावे, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे. वऱ्हाडाबरोबर जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे त्याच्या आई-वडिलांखेरीज आणखी एका जाणत्या माणसाला ठाऊक असले पाहिजे, कारण पंगतीत आग्रह करणारे हात पुष्कळ असतात.