श्रूजबरीचे पत्र : वीर पडद्यावर, कर्ता पडद्याआड



हनुक्काचे दिवे लावून झाले म्हणजे सरत्या वर्षाचा हिशेब मांडावा, ही आमची जुनी खोड. कोणी जमाखर्चाचा मांडतो, कोणी पापपुण्याचा. आम्ही मात्र सुपरहिरोंच्या चित्रकथांचा आणि चित्रपटांचा मांडतो. सत्तरीच्या वयात हा छंद शोभतो काय, असा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनी अनेकवार केला आहे. समर्पक उत्तर आम्हांस अद्याप सुचलेले नाही. म्हणून छंदही सुटलेला नाही.

त्याचे मूळ मुंबईत आहे. 1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढली, तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. भायखळ्याच्या रद्दीवाल्याकडून वेताळाचे आणि जादूगार मॅन्ड्रेकचे जुने अंक आणावयाचे, शब्बाथ उतरला की दिव्याखाली बसून वाचावयाचे, आणि वडिलांची चाहूल लागताच भूगोलाच्या पुस्तकात दडवावयाचे, असा क्रम अनेक वर्षे चालला. आता मॅसॅच्युसेट्समधील श्रूजबरी गावी मुलाकडे राहतो. क्विन्सिगमंड सरोवरावरील पूल ओलांडला की वूस्टर शहर लागते. तेथे पार्क अ‍ॅव्हेन्यूवर ‘दॅट्स एंटरटेनमेंट’ हे चित्रकथांचे मोठे दुकान आहे. उत्कृष्ट विक्रेत्याचा विल आइस्नर यांच्या नावाचा पुरस्कार त्यास 1997 साली मिळाला होता. भायखळ्याचा रद्दीवाला आणि हे दुकान यांत अंतर पुष्कळ. परंतु जुन्या कागदाचा वास तोच.

आता 2025 सालची आमची निवड सांगतो.

चित्रपटांत पहिला मान जेम्स गन यांच्या ‘सुपरमॅन’ला. तो 11 जुलै रोजी प्रदर्शित झाला. डेव्हिड कॉरेन्सवेट यांनी उभा केलेला हा नायक मार खातो, चुकतो, आणि क्रिप्टो नावाच्या द्वाड कुत्र्यापुढे हतबल होतो. परग्रहावरच्या जन्मदात्यांचा जो संदेश तो आजवर उराशी धरून होता, त्याचा उत्तरार्ध त्याच्या कल्पनेहून फार निराळा निघतो. मग आपण कोण, याचा निर्णय त्यास रक्तावरून करता येत नाही. कॅन्ससच्या शेतकरी दांपत्याने जे वळण लावले, त्यावरून करावा लागतो. ज्यांनी मुलेबाळे घेऊन देश ओलांडले, त्यांस हा प्रश्न परका नाही.

दुसरा मान ‘द फॅन्टास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ या 25 जुलैच्या चित्रपटाला. दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी 1960 नंतरच्या काळातील एक कल्पित न्यूयॉर्क उभे केले आहे. त्यातील दगडी देहाचा बेन ग्रिम आमचा विशेष लाडका. तो यहुदी आहे, हे चित्रकथेत उघडपणे सांगितले गेले ते 2002 साली. मरणोन्मुख वाटणाऱ्या एका वृद्धापाशी बसून तो त्या अंकात ‘शेमा’ म्हणतो. नव्या चित्रपटात तो सिनेगॉगमध्ये पाऊल टाकतो, तेव्हा शेजारच्या खुर्चीतील आमच्या नातवाने आमच्या बरगडीत कोपर मारले. एवढ्या भीमकाय पुरुषास तेथे संकोचून उभे राहिलेले पाहून आम्हांस उशिरा तफिल्लेस पोहोचल्याचे आमचेच कित्येक प्रसंग आठवले.

तिसरी निवड मायदेशाची. डॉमिनिक अरुण यांचा ‘लोका : चॅप्टर 1 – चंद्रा’ हा मल्याळी चित्रपट 28 ऑगस्ट रोजी आला. केरळच्या लोककथेतील कळ्ळियंकाट्ट नीली ही यक्षी आजच्या बंगळुरूत अवतरते, अशी त्याची कल्पना असून कल्याणी प्रियदर्शन यांनी ती भूमिका केली आहे. आजीच्या तोंडच्या भुताखेताच्या गोष्टीतून सुपरहिरो घडविता येतो, अमेरिकेची उसनवारी करावी लागत नाही, हे त्याने दाखविले. ‘थंडरबोल्ट्स’चाही उल्लेख करावयास हवा. मनाच्या काळोखाशी मुष्टियुद्ध चालत नाही, तेथे कोणीतरी सोबतीस बसावे लागते, हे मारधाडीच्या चित्रपटाने सांगावे, याचे आम्हांस कौतुक वाटले.

चित्रकथांत आम्ही ‘अ‍ॅब्सोल्यूट’ मालेस झुकते माप देतो. ती 2024 च्या अखेरीस सुरू झाली आणि 2025 मध्ये भरास आली. स्कॉट स्नायडर व निक ड्रॅगोटा यांच्या बॅटमॅनपाशी वाडा नाही, तिजोरी नाही, खानसामा नाही. तो शिक्षकाचा मुलगा, स्वतः स्थापत्य अभियंता आणि आईची काळजी वाहणारा. जेसन एरन व राफा सँडोव्हल यांच्या सुपरमॅनचे आईबाप क्रिप्टन ग्रहावर कष्टकरी वर्गात जन्मलेले आहेत. केली थॉम्प्सन व हेडन शर्मन यांची वंडर वूमन नरकात वाढते, तरी तिची माया आटत नाही. तिघांचेही वैभव काढून घेतले आणि मग उरले काय ते पाहिले, अशी ही युक्ती आहे. पुष्कळच उरते.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की आम्ही प्रत्येक चित्रकथेबरोबर लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव दिले आहे. त्यास कारण आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडचे दोन यहुदी तरुण. 1938 साली त्यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क 130 डॉलरांस विकले. पुढे नायक कोट्यधीश झाला आणि कर्ते विपन्नावस्थेत राहिले. शुस्टर यांची तर दृष्टीही मंदावली. सहकलावंतांनी आवाज उठविल्यावर 1975 साली त्यांस वार्षिक 20,000 डॉलर आणि श्रेयनामावलीतील नाव परत मिळाले. ज्यावर त्या 130 डॉलरांची नोंद होती, तो धनादेश 2012 साली लिलावात 1,60,000 डॉलरांस गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये तर 1939 सालच्या ‘सुपरमॅन’ मासिकाच्या पहिल्या अंकाची एक प्रत सुमारे 91 लाख डॉलरांस विकली गेली. त्या अंकाची छापील किंमत दहा सेंट होती.

बॅटमॅनची कथा याहून निराळी नाही. त्याचे रूप व कथानक घडविण्यात बिल फिंगर यांचा मोठा वाटा. पण अधिकृत श्रेय दीर्घकाळ एकट्या बॉब केन यांचेच राहिले. फिंगर 1974 साली वारले आणि त्यांचे नाव 2015 साली मान्य झाले. फॅन्टास्टिक फोरचे चित्रकार जॅक कर्बी, म्हणजे मूळचे जेकब कुर्ट्झबर्ग, 1994 साली निवर्तले. त्यांच्या वारसांचा मार्व्हलशी समेट 2014 साली झाला. नव्या चित्रपटातील पृथ्वीस 828 हा क्रमांक दिला आहे. अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिला, तर ती कर्बी यांची जन्मतारीख होते : 28 ऑगस्ट. आदरांजली सुरेख आहे, यात संशय नाही. परंतु मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, अशी आपल्या तोरामधील आज्ञा आहे; येथे कित्येकांचा सूर्य कायमचा मावळल्यावर हिशेब झाला.

असेच एक उदाहरण आमच्या सरोवरापलीकडे आहे. पिवळ्या वर्तुळातील तो हसरा चेहरा, जो आज जगभर दिसतो, तो वूस्टरच्या हार्वी बॉल यांनी 1963 साली एका विमा कंपनीसाठी काढला. मोबदला 45 डॉलर मिळाला आणि हक्काची नोंद झालीच नाही. अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या 1986-87 मधील ‘वॉचमेन’ या प्रसिद्ध चित्रकथेत हाच चेहरा रक्ताचा शिंतोडा लेवून येतो. जगास ठाऊक असलेला चेहरा एका वूस्टरकराच्या हातचा आहे, हे आम्हांस येथे येऊन दहा वर्षे होईपर्यंत माहीत नव्हते.

हे सारे आठवण्यास एक घरगुती निमित्त घडले. आमच्या दहा वर्षांच्या नातवाने आणि त्याच्या वर्गातील एका ब्राझिलियन मित्राने मिळून सोळा पानी चित्रकथा रचली. नायक सरोवराच्या तळाशी राहतो आणि हिवाळ्यात बर्फ फोडून बाहेर येतो. चित्रे मित्राची, आणि ती खरोखर झकास. परंतु मुखपृष्ठावर नाव एकट्या आमच्या चिरंजीवांचे.

“मित्राचे नाव कोठे आहे?” आम्ही विचारले.

“आजोबा, गोष्ट माझी आहे. त्याने फक्त चित्रे काढली.”

त्या ‘फक्त’ शब्दाने आम्ही चमकलो. हाच शब्द मोठमोठ्या कचेऱ्यांतून कर्बींच्या वाट्यास आला असेल. आम्ही त्यास सीगल आणि शुस्टर यांचा धनादेश सांगितला, फिंगर यांची एक्केचाळीस वर्षे सांगितली. तो ऐकून घेत होता, पण पटल्याचे चिन्ह दिसेना. अखेर त्याने विचारले, “मग लोकांना कसे कळणार की गोष्ट कोणाची?” प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अरे, वरण मी केले आणि भात तुझ्या आईने. जेवताना कोणाचे म्हणून जेवतोस?”

यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठ पाहिले, तो दोन नावे होती : ‘कथा’ अमुकाची, ‘चित्रे’ तमुकाची. मित्राच्या नावाची अक्षरे अंमळ लहान आहेत. त्याबद्दल आमची बोलणी अद्याप चालू आहेत.

वाचकांस एवढीच विनंती की मुलानातवंडांसह असा चित्रपट पाहावयास गेलात, तर शेवटची नावे सरकू लागताच उठू नये. दिवे लागले, झाडूवाला आत आला, तरी पाच मिनिटे बसावे. सुपरमॅनच्या नावाखाली सीगल आणि शुस्टर यांची नावे येतात. ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

असो. पत्र लांबले. सर्वांस आमचा शालोम, आणि लहानांस आशीर्वाद.