काँग आमचा, मग बेटावरची माणसं कुणाची?

मी काँगचा आशक आहे. भक्त म्हणवत नाही, भक्ती आपल्याला परवडत नाही. १९३३ चा मूळ 'किंग काँग' मी पाहिलाय, १९७६ चा पाहिलाय, २००५ चा पीटर जॅक्सनचा तर किती वेळा पाहिला ह्याचा हिशोब नाही. त्यानंतर काँगच्या नावावर जे जे विकलं गेलं तेही तिकीट काढून पाहिलंय. तेव्हा पुढं जे लिहितोय ते सिनेमा म्हटला की नाक मुरडणाऱ्या पांढरपेशा पंडिताचं बोलणं समजू नका. हे घरातलं भांडण आहे.

भांडणाची सुरुवात सांगतो. जॅक्सनचा सिनेमा २००५ च्या डिसेंबरात आला. आमची पाच-सात जणांची टोळी तेव्हा रोज संध्याकाळी नवी पेठेत जमायची. दुकानांच्या उजेडात उभं राहून अर्ध्या अर्ध्या चहावर दोन तास काढायचे, नोकरीच्या, कवितेच्या, मोर्चाच्या गप्पा हाणायच्या, आणि पैसे जमले की सिनेमा. तसे गेलो. खाली स्वस्तातल्या खुर्च्यांवर बसलो. तासभर जहाज समुद्रातच. पब्लिक कंटाळलं, शिट्ट्या सुरू झाल्या. मग ते कवटीचं बेट आलं आणि बेटावरची माणसं पडद्यावर आली. काळीकुट्ट, डोळे फिरवणारी, किंचाळणारी, आल्या आल्या माणसाला भाल्यानं भोसकणारी. मागून कुणीतरी ओरडलं, "आले बघ बे सेटलमेंटवाले!"

सगळं थिएटर हसलं. आम्हीही हसलो.

आमच्यातला एक जण हसला नाही. तो सेटलमेंटातला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेवटी काँग एम्पायर स्टेटवरून खाली कोसळला तेव्हा आमच्यातल्या दोघांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्यातला एक मी. बाहेर आल्यावर तो दोस्त एवढंच बोलला, "ह्याच्यासाठी रडताय. मघाशी कुणाला हसला बे?"

ह्या एका सवालाला उत्तर द्यायला मला वीस वर्षं लागली. आज देतोय.

सोलापूरबाहेरच्या पोरांसाठी आधी सेटलमेंट म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीचं नाव यादीत गेलं की तिच्यातलं पोटातलं पोरही गुन्हेगार. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींच्या माणसांना सोलापुरात आणून तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, बाहेर पडायला पास घ्यायचा आणि गिरणीत राबायचं. ज्यांना चोर म्हणून कोंडलं त्यांच्याच घामावर गिरणीचा भोंगा वाजायचा. हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे लाल किल्ल्यावर तिरंगा फडकून पाच वर्षं झाली तरी ही माणसं कागदावर जन्मजात गुन्हेगारच होती. पुढं तार निघाली. नाव तेवढं राहिलं, शिवीसारखं वापरायला. त्या दिवशी थिएटरात ते वापरलं गेलं आणि आम्ही, निळ्या झेंड्याखाली वाढलेली पोरं, दात काढून हसलो.

आता सिनेमाकडं वळतो.

मूळ 'किंग काँग' न्यूयॉर्कला लागला मार्च १९३३ मध्ये. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक ह्या दोघांनी काढला. विलिस ओब्रायन नावाच्या कारागिरानं दीड फुटाची बाहुली तसूतसूनं हलवून, एकेक चित्र घेऊन तो अजस्र काँग उभा केला. बाहुलीला सशाची कातडी. हलवणाऱ्याची बोटं त्या केसांवर पडायची, म्हणून पडद्यावर काँगचे केस उगीच थरथरताना दिसतात. मला ते फार आवडतं. हातमागाच्या चादरीत विणणाऱ्याच्या हाताची एखादी चूक दिसावी तसं.

पण त्याच १९३३ च्या मार्च-एप्रिलात अमेरिकेत दुसरं काय चाललं होतं? अलाबामा राज्यात स्कॉट्सबोरोचा खटला पुन्हा उभा राहिला होता. १९३१ साली नऊ काळ्या पोरांना दोन गोऱ्या पोरींवर बलात्कार केल्याच्या आरोपात धरलं होतं. त्यातल्या एकीनं ह्या फेरखटल्यात कोर्टात उभं राहून सांगितलं की असं काही घडलंच नाही. तरी सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं पहिल्या पोराला पुन्हा मरणाचीच शिक्षा ठोठावली. आणि तिकडं न्यूयॉर्कच्या पडद्यावर एक काळा अजस्र देह मुठीत गोरी बाई धरून उंच इमारतीवर चढत होता आणि त्याला गोळ्या घालणं रास्त ठरत होतं. काँग कुणाचं भूत आहे हे समजायला काय पीएचडी लागते?

त्या सिनेमात बेटावरच्या मुखियाचं काम केलं नोबल जॉन्सननं. हा माणूस लक्षात ठेवा. काळ्या माणसांचे सिनेमे काळ्या माणसांनीच काढावेत म्हणून १९१६ साली लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी केली, त्यात हा आणि ह्याचा भाऊ पुढं होते. सतरा वर्षांनी तोच माणूस हॉलिवूडच्या बेटावर पिसं लावून उभा. पोट काय काय करायला लावतं ते आपल्या गोंधळी-पोतराजांना विचारा. तरी त्या मुखियाला निदान तोंड होतं. तो बोलतो, सौदा करतो, आपल्या हद्दीत आलेल्या परक्याला जाब विचारतो.

जॅक्सननं काय केलं? हा माणूस नऊ वर्षांचा असताना मूळ सिनेमा बघून रडला होता, म्हणजे तोही आपल्यातलाच. त्याला वीस कोटी डॉलरच्या वर पैसा मिळाला. शंभर मिनिटांचा सिनेमा त्यानं तीन तासांवर नेला. पैसा कुठं गेला ते दिसतं. अँडी सर्किस नावाच्या नटानं काँगचं काम केलं, त्यासाठी रवांडात जाऊन खरे गोरिला पाहून आला. त्याच्या चेहऱ्याची नस नि नस यंत्रानं टिपून काँगच्या चेहऱ्यावर चढवली. हा काँग म्हातारा आहे, अंगावर जुन्या जखमा आहेत, त्याच्या जातीचं दुसरं कुणी उरलेलं नाही. तो डोंगराच्या कड्यावर बसून मावळता सूर्य बघतो. न्यूयॉर्कच्या बागेतल्या गोठलेल्या तळ्यावर घसरताना लहान पोरासारखा खुश होतो. हे सगळं मला आवडलं. आजही आवडतं. मोबाईलच्या टीचभर पडद्यावर बघितलं तरी घसा दाटतो. तीन ऑस्कर मिळाले, मिळायलाच पाहिजेत.

आणि गोऱ्या गरिबांवरही पैसा गेला. सिनेमा सुरू होतो तोच मंदीतल्या न्यूयॉर्कात. झोपड्या, रांगा, भुकेनं सफरचंद उचलणारी नायिका. भुकेल्या गोऱ्या माणसाला जॅक्सननं चेहरा दिला, नाव दिलं, लाज दिली.

बेटावरच्या माणसांना काय दिलं? काळा रंग. आशियाई, आफ्रिकी, माओरी, पॉलिनेशियन नट गोळा केले आणि सगळे एकसारखे काळे दिसावेत म्हणून त्यांच्यावर रंग फवारला. काँगच्या केसागणिक मेहनत आणि माणसांना सरसकट एक फवारा! १९३३ चा मुखिया सौदा करत होता, २००५ ची माणसं नुसती किंचाळतात, बळी देतात आणि पुढच्या सिनेमातून गायब होतात. त्यांची भूक, त्यांची भीती, ती भिंत बांधताना किती मेले, कुणी विचारत नाही. बहात्तर वर्षांत काँगची बढती झाली, माणसांची उतरंड झाली.

कुणी म्हणेल, जॅक्सन भाबडा असेल, जुन्या सिनेमाच्या प्रेमात वाहून गेला असेल. चूक. त्याला कळत होतं. न्यूयॉर्कच्या थिएटरात काँगला साखळ्या घालून उभा करतात, त्या प्रसंगात नाचणारे लोक १९३३ च्या सिनेमातल्या बेटवाल्यांसारखे सजलेले आहेत, संगीतही त्याच सिनेमाचं. म्हणजे पैसेवाले रानटी माणसाचं सोंग कसं विकतात हे तो आपल्याला दाखवतो. जहाजावरच्या पोराच्या हातात त्यानं 'हार्ट ऑफ डार्कनेस' दिलंय, जहाजावर एक शहाणा काळा अधिकारीही ठेवलाय, जो बेटावर मरतो. एवढं कळूनसुद्धा बेटावर पोचल्यावर त्यानं तेच सोंग खरं म्हणून विकलं. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळणाऱ्याचं काय करायचं?

आता माझी अडचण. त्या बेटावर एक प्रचंड भिंत आहे. एका बाजूला काँग, दुसऱ्या बाजूला ही माणसं. भिंत म्हटलं की मला गावकूस आठवतं, तारेचं कुंपण आठवतं. काँगला फसवून पकडतात, बेड्या ठोकतात, तिकीट लावून त्याचं दुःख दाखवतात. तो माझा आहे, मला कुणी सांगायची गरज नाही. पण ज्यांना बघून थिएटर हसलं, ज्यांच्या नावाची शिवी झाली, ती माणसंही माझीच. सिनेमा मला म्हणतो, एक बाजू निवड. काँगच्या बाजूला बस, रड, आणि माणसांना विसर.

मी वीस वर्षं तिथंच बसलो होतो. का? कारण काँग एकटा आहे. तो काही मागत नाही. जमीन मागत नाही, राखीव जागा मागत नाही, मोर्चा काढत नाही. बाईवर मुका जीव लावतो आणि मरतो. अशा एकट्याच्या मरणावर रडायला ह्या देशातल्या सवर्णालाही काही पडत नाही. १९३६ ची 'अछूत कन्या' रेल्वेखाली मेली, तेव्हा तिच्यासाठी रुमाल भिजले. १९५९ च्या 'सुजाता'नं रक्त दिलं, तेव्हा कुठं ती घरची झाली. मरा किंवा रक्त द्या, मग आम्ही रडू. पण तीच माणसं वस्ती करून राहू लागली, हक्क म्हणून पाण्यावर, शाळेवर, शेतावर आली, की मग ती बेटावरची माणसं होतात. किंचाळणारी. भाले घेतलेली. एकट्या मेलेल्याला आसवं, जित्या वस्तीला लाठी, असा हा सगळा व्यवहार आहे.

पैसा वाढला की हे सुधारतं, ह्या भ्रमात राहू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळेंनी २०१६ ला 'सैराट' काढला. दोन वर्षांनी त्याचा हिंदीत 'धडक' झाला. उदयपूरचे महाल आले, भारी कपडे आले, आणि जात एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपली. मोठ्या पैशाला सगळ्यात आधी नको असते ती ज्या कुसाबाहेर गोष्ट घडते ती जागा.

काँगचं तेच चाललंय. २०१७ च्या 'काँग: स्कल आयलंड'मध्ये बेटावरची माणसं रानटी दाखवली नाहीत, ही सुधारणा. पण ती एक शब्द बोलत नाहीत. २०२१ च्या सिनेमापर्यंत ती सगळी मेलेली असतात, उरते एक अनाथ मुलगी, तिला बोलता-ऐकता येत नाही. २०२४ मध्ये त्यांच्या जमातीतली आणखी माणसं पृथ्वीच्या पोटात सापडतात, तर ती मनातल्या मनात बोलतात! रानटी होती तेव्हा किंचाळत होती, सभ्य झाली तर मुकी. ह्यांना सगळं सुचतं, बेटावरच्या माणसाच्या तोंडी एक सवाल घालायचं तेवढं सुचत नाही. कारण तो पहिला सवाल हाच विचारेल की तुमचं जहाज इथं आलंच का?

एवढं झोडपल्यावर थांबता आलं असतं. हॉलिवूडला शिव्या देणं सोपं आहे, नवी पेठेतून ऐकायला जात नाहीत. पण दोस्ताचा सवाल जॅक्सनला नव्हता, मला होता.

दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण, हे लिहिलंय. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, बायका, पिळले जाणारे सगळे. बाबासाहेबांनी तर १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ह्या तिघांना एकत्र मांडून ह्या संस्कृतीला जाब विचारलाय. हे मला पाठ होतं. त्या कट्ट्यावर मीच इतरांना सांगायचो. आणि अंधारात, मागून एक हाक आली तेव्हा माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते हसू. माझ्या डोक्यातही एक भिंत होती आणि तिच्या पलीकडं सेटलमेंट होतं. उतरंडीत आपल्या खाली एक मडकं आहे, ह्याचं सुख मलाही झालं होतं.

तर दोस्ता, उत्तर हे. मघाशी मी तुला हसलो होतो. काँगसाठी रडणं स्वस्त होतं, तुझ्या बाजूनं उठून त्या ओरडणाऱ्याला "कोण बोललं बे?" म्हणून विचारणं महाग होतं. मी स्वस्तातलं घेतलं.

काँगवरचं माझं प्रेम ह्यानं कमी झालेलं नाही. तो पुन्हा येईल, आणखी मोठा होऊन येईल, मी पुन्हा तिकीट काढीन. तुम्हीही बघा, पोरांनो, मजा घ्या, रडू आलं तर रडा. फक्त बेटावरची माणसं पडद्यावर आली की कान मागं ठेवा. कुणाच्या तरी वस्तीचं नाव घेऊन हाक येईल, थिएटर हसेल. त्या वेळी आपल्या ओळीतलं कोण हसत नाही ते बघा, आणि त्याच्या शेजारी उठून उभे राहा. सिनेमाचा एखादा प्रसंग चुकेल. चुकू दे.