दुसरी रेकी

जबलपूरला पोस्टिंग आल्यापासून सवड मिळाली की बरगीला जातो. नर्मदेवरचं हे धरण १९९० मध्ये पूर्ण झालं. इथलं पाणी सकाळी चंदेरी, संध्याकाळी तांबूस. दरवेळी मला हिरोशी योशिदा आठवतो. आपलं अजिंठा-वेरूळही लाकडी ठशांनी छापणारा जपानी चित्रकार. १९२६ मध्ये त्याने शिडाच्या होड्यांचं एकच दृश्य सकाळ, दुपार, धुकं, रात्र असं वेगवेगळं छापलं. मुख्य ठसे तेच, रंग बदललेले.

एनडीएपासून आम्हाला हेच शिकवलंय: दिवसा पाहिलेली जमीन रात्रीही पाहा, नाहीतर रेकी अर्धीच.

बरगीबद्दल माझं पहिलं मत फोटोपुरतं होतं: सुंदर! मग काठावर जाळं सुकवणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाण्याकडे बोट दाखवलं, "साहब, वहाँ हमारा खेत था." या धरणाची झळ १६२ गावांना बसली.

धरण नको होतं, असं मी म्हणत नाही. याच पाण्यावर खालची शेतं भिजतात. पण आपण फौजी दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि एका फोटोवरून त्या जागेबद्दल आयुष्यभर बोलतो. फोटो जरूर काढा. मत मात्र दुसऱ्या रेकीनंतरच द्या.