तडीपार म्हणजे काय, मावशी?

गेल्या रविवारी भाच्यानं एका कानातला इयरबड काढला आणि विचारलं, "मावशी, तडीपार म्हणजे काय गं?"

हा मुलगा इंदूरचा. घरात मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक समोर ठेवलं की त्याला अचानक अभ्यास आठवतो. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून मी थोडी दचकलेच. चौकशी केली तेव्हा कळलं, 'तडीपार' हे एमसी स्टॅनच्या पहिल्या अल्बमचं नाव.

"पेपरात 'जिलाबदर' वाचतोस ना? तेच," मी म्हटलं. त्याला लगेच कळलं. महाराष्ट्रात सरकारी कागदावर 'हद्दपार' लिहितात, लोक 'तडीपार' म्हणतात. 1951च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात ही तरतूद आहे. एखाद्याच्या वावरानं परिसराला धोका आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, की जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी त्याला आपल्याच गावातून, जिल्ह्यातून बाहेर काढता येतं. त्यासाठी कोर्टात गुन्हा शाबीत व्हावाच लागतो असं नाही.

मग शब्द फोडून बघितला. तड म्हणजे काठ, किनारा. काम पूर्ण केलं की आपण 'तडीस नेलं' म्हणतो, म्हणजे होडी काठाला लागली. आणि माणसाला काठापलीकडे घालवलं की तो तडीपार. एकाच काठावरून निघालेले दोन शब्द, एक शाबासकीचा आणि एक शिक्षेचा. एवढं माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. श्रेय स्टॅनला.

मग मी तो अल्बम ऐकला. भाच्यानं आधीच बजावलं होतं, "आजीसमोर नको हं."

स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख, पुण्याच्या ताडीवाला रोडचा. एका बाजूला पुणे स्टेशन, दुसऱ्या बाजूला मुळा-मुठा, आणि मध्ये दाटीवाटीची वस्ती. आपण पुण्याला नातेवाइकांकडे जातो तेव्हा स्टेशनवर उतरून रिक्षा थेट सदाशिव पेठ नाहीतर कोथरूडकडे वळवतो. ही वस्ती स्टेशनच्या पाठीशीच असून आपल्याला दिसत नाही. 'तडीपार' आला 2020 साली, तेव्हा हा मुलगा जेमतेम विशीचा होता. वर्षभरापूर्वीच 'गली बॉय' सिनेमा येऊन गेला होता आणि रॅप म्हणजे गरीब मुलाचं गोड स्वप्न, असं घरोघरी ठरून गेलं होतं. या अल्बमात तो गोडवा नाही. इथला मुलगा चिडलेला आहे, हिणवलं गेल्याचं विसरत नाही, आणि कुणी हाकलायच्या आधीच स्वतःला तडीपार म्हणवून घेतो. मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. शिक्षेचं नाव त्यानं पाटीसारखं दारावर लावलंय.

संगीत म्हणाल तर ट्रॅप. खाली छातीत घुमणारा बास, वर हाय-हॅटची भराभर टिकटिक, आणि आवाजावर ऑटोट्यून. बीट बनवणंही त्याला येतं. जिथे तो वस्तीबद्दल, दोस्तांबद्दल, खिशात पैसे नसण्याबद्दल बोलतो तिथे ऑटोट्यूनमधूनही आवाज खरा लागतो. मात्र बढाया फार आहेत आणि त्या लवकर कंटाळा आणतात. शिव्यांची एक वेळ सवय होते. बायकांबद्दल तो ज्या सुरात बोलतो त्याची मला झाली नाही, आणि भाच्याला मी तसं सांगितलंही. (रॅप म्हटलं की आमच्या पिढीतले लोक लगेच पोवाड्याशी नातं जोडतात. तसं मी करणार नाही. शाहिराला डफ पुरे, याला हेडफोन लागतो.)

खरी मौज भाषेची आहे. तो रॅप करतो हिंदीत, पण ही हिंदी पुण्याच्या गल्लीतली. 'मेरेको', 'तेरेको', 'अपुन', आणि मध्येच सरळ मराठी शब्द. त्याच्या एका गाजलेल्या गाण्याचं नाव 'बस्ती का हस्ती'. हिंदीच्या मास्तरांनी लाल शाईनं 'की' केलं असतं. त्यानं केलं नाही, आणि लाखो मुलांनी ते तसंच म्हटलं.

हे ऐकताना मला माझी एक जुनी सुट्टी आठवली. मी अकरा-बारा वर्षांची, पुण्यात मामाकडे. खालून हाक आली तेव्हा मी ओरडून सांगितलं, "मी येऊनच राहिलेय!" मामेभावंडं हसून हसून लोळली. पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक वाक्य आधी मनात लावून पाहायची आणि मगच बोलायची. शेवटी शेवटी बोलायचंच कमी केलं. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अशी एक सुट्टी असेल. त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही, की पुण्यात राहून पुणेरी न बोलणारीही मुलं आहेत, अगदी स्टेशनच्या मागे.

2023मध्ये स्टॅन 'बिग बॉस' जिंकला आणि त्याचे शब्द देशभर पसरले. 'रावस' म्हणजे झकास. मुळात मुंबईच्या बाजारातला मासा. आणि 'शेमडी'. भाचा हा शब्द त्याच्या बहिणीला रोज लावतो, स्टॅनची खास स्टाइल म्हणून. मी म्हटलं, "अरे, हा आपलाच शब्द. शेंबडी. नाक गळणारी मुलगी." त्याचा विश्वास बसेना.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यात काय नवीन? तुझ्या मावशीला मी चौथीपर्यंत शेंबडीच म्हणत होते."

भाच्याला जोर चढला. त्यानं इयरबड काढून ठेवले आणि गाणं स्पीकरवर लावलं. आई पदराला हात पुसत येऊन बसली. मिनिटभर तिनं मान तिरकी करून नीट ऐकलं.

"बोलतो भराभर," ती म्हणाली. "शिवी यायच्या आधी बंद कर मात्र."